निनावी संपादक

मराठी भाषेंत अलीकडे एक क्रियापद फार बळावलें आहे. वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें इतिहासांतील कांहीं विलक्षण गोष्ट सांगितली आणि "हें कोठें वाचलेंस?" असें त्यास विचारलें, तर तो "मोबाइलवर आलें होतें" असें उत्तर देतो. घरींहि तोच प्रकार. अमुक पाल्यानें मधुमेह बरा होतो असें "आलें आहे"; अमुक बँक बुडणार असें "आलें आहे". आमच्या आजोबांची पिढी 'केसरींत छापलें आहे' किंवा 'अमक्यानें लिहिलें आहे' असें म्हणत असे. लिहिणारा व छापणारा कोण, हें विचारतां येतें. पाऊस येतो, ताप येतो, पूर येतो. त्याबद्दल जबाब कोणास विचारावा, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. समाजमाध्यमांविषयीं जी चिंता आज सुशिक्षित घरांत ऐकूं येते, तिचें मर्म मला ह्या एका क्रियापदांत दिसतें. शब्द दारांत येऊन उभा आहे, पण त्याचा धनी कोण, हें कोणासच ठाऊक नाहीं.

ह्या माध्यमांची सुधारणा कशी व्हावी, ह्याविषयीं सामान्यतः दोन मतें आढळतात. एक पक्ष म्हणतो, हें व्यसन आहे, तें बंद करावें. ऑस्ट्रेलियानें १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई केली, ती ह्याच विचारसरणींतून. दुसरा पक्ष म्हणतो, वाणीचें स्वातंत्र्य हें सर्वांत मोठें. वाईट लिहिणारास वाचकच धडा शिकवितील. दोन्ही पक्षांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास असें वाटतें कीं, हा वाद आपल्याकडे एकदां होऊन गेलेला आहे. छापखाना महाराष्ट्रांत आला, तेव्हां आमच्या पणजोबांच्या आधींच्या पिढ्यांनीं ह्याच अडचणी पाहिल्या, आणि पुष्कळ ठेचा खाऊन एक मार्ग काढला. तो मार्ग कोणता होता आणि आज तो कोठें तुटला आहे, हें पाहण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. खोटी बातमी हें समाजमाध्यमांचें अपत्य नव्हे. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं कित्येकांच्या मनांत किंतु राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांनीं तर अखेरपर्यंत वैधव्य मानलें नाहीं. अशा स्थितींत 'भाऊ तो मीच' असें म्हणणारा एक तोतया उभा राहिला. दरबारानें त्यास कैदेंत टाकलें. पण १७७६ सालीं तो सुटला, कोंकणांत हजारों माणसें त्याच्या भोंवतीं जमलीं, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि त्याच वर्षीं पकडला जाऊन त्यास पुण्यांत देहान्त शासन झालें. त्या काळीं मराठी मुलखांत ना वर्तमानपत्र होतें, ना तार होती. लोकांना जें खरें असावें असें वाटत होतें, तेंच त्यांनीं खरें मानलें. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि सुधारणेच्या मसुद्यांत मनुष्यस्वभाव बदलण्याचें कलम घालण्यांत अर्थ नाहीं. विचारण्याजोगा प्रश्न एवढाच कीं, ह्या स्वभावाला खतपाणी कोण घालतो, किती वेगानें घालतो, आणि त्यांत त्याचा लाभ कोणता?

मराठी वृत्तपत्राचा जन्म ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण'च्या रूपानें झाला. बाळशास्त्री जांभेकरांचें हें पत्र इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत निघे आणि त्याचे वर्गणीदार शेकड्यांनीं मोजण्याजोगे होते. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८३५ सालीं, मेटकाफ साहेबांनीं जो कायदा केला, तो ह्या विषयांत फार महत्त्वाचा आहे. त्या कायद्यानें छापण्यासाठीं सरकारी परवान्याची अट काढून टाकली. परंतु तिच्या जागीं दुसरी एक अट घातली. ती अशी कीं, छापणारानें व प्रसिद्ध करणारानें आपलें नांव आणि ठिकाण सरकारांत नोंदवावें. पुढें १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें नांव व छपाईचें ठिकाण असलेंच पाहिजे असें ठरविलें, आणि १९२२ सालीं वृत्तपत्रावर संपादकाचें नांव छापणेंहि सक्तीचें झालें. १८६७ चा तो कायदा २०२४ पर्यंत अंमलांत होता. त्याची जागा आतां नव्या कायद्यानें घेतली आहे. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशीं, बारीक अक्षरांत, कोणीहि न वाचणारी जी एक ओळ असते, तिचा वंश असा जुना आहे. ती ओळ म्हणजे स्वातंत्र्याच्या बदल्यांत दिलेला हमीचा कागद होय. काय छापावें, हें सरकार सांगणार नाहीं. पण छापलें कोणीं, हें लपवितां येणार नाहीं.

ह्याचा अर्थ त्या काळचीं पत्रें सोज्ज्वळ होतीं असा नव्हे. १८५१ च्या ऑक्टोबरांत एका गुजराती नियतकालिकांतील चित्रावरून मुंबईंत पारशी आणि मुसलमान समाजांत दंगल उसळली. जुन्या मराठी पत्रांचे अंक चाळले तर परस्परांवर केलेली शिवीगाळ आजच्या कोणत्याहि समाजमाध्यमास लाजवील अशी सांपडते. सरकारनेंहि एकदां दुसरा मार्ग चोखाळून पाहिला. लॉर्ड लिटन ह्यांनीं १८७८ सालीं देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. त्यानें पत्रें सुधारलीं नाहींत. सरकारवरील अविश्वास मात्र वाढला, आणि लॉर्ड रिपन ह्यांच्या अमदानींत १८८२ सालीं तो कायदा रद्द करावा लागला.

योगायोग असा कीं, त्याच १८८२ सालीं दुसऱ्या मार्गाची कसोटी लागली. 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें निघून वर्ष दीड वर्षच झालें होतें. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा तेथील कारभारी माधवराव बर्वे छळ करीत आहेत, असे आरोप ह्या पत्रांनीं केले. त्यांचा आधार म्हणून जीं पत्रें पुढें आलीं होतीं, तीं बनावट ठरलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि 'केसरी'चे आगरकर व 'मराठा'चे टिळक ह्या दोघांस चार महिन्यांची कैद झाली. त्यांपैकीं १०१ दिवस दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. आपण ही गोष्ट सामान्यतः देशभक्तीच्या प्रकरणांत वाचतों, आणि तें योग्यच आहे. पण तिच्यांत आणखी एक अर्थ आहे. महाराजांविषयींची कळकळ खरी होती, हेतु शुद्ध होता, पत्रें दुसऱ्यांनींच बनविलेलीं होतीं. तरीहि छापलें आपण, म्हणून जबाबदारी आपली, हें तत्त्व त्या दोन तरुण संपादकांच्या बाबतींत टळलें नाहीं. 'जसें आलें तसें पुढें पाठविलें' ही सबब १८८२ सालीं न्यायालयांत चालली नाहीं. आज ती कोट्यवधि लोकांच्या तोंडीं आहे.

येथें कोणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे. समाजमाध्यमावर प्रत्येकास खऱ्या नांवानेंच लिहावयास लावावें, म्हणजे शिवीगाळ आपोआप थांबेल. हा उपाय वारंवार सुचविला जातो, आणि दिसावयास न्याय्यहि दिसतो. पण मराठी गद्याच्या इतिहासाची साक्ष त्याच्या विरुद्ध आहे. १८४८ ते १८५० ह्या काळांत 'प्रभाकर' पत्रांत जीं शतपत्रें प्रसिद्ध झालीं, तीं 'लोकहितवादी' ह्या टोपणनांवानें. गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरींत होते, आणि स्वजातीच्या दोषांवर ते जितक्या कठोरपणें लिहीत होते, तितकें स्वतःच्या नांवानें लिहिणें त्या समाजांत सोपें नव्हतें. खऱ्या नांवाची सक्ती असती, तर महाराष्ट्रांतील सुधारणेचें एक मोठें दालन उघडलेंच नसतें. आजहि जाचांत सांपडलेली सून, वरिष्ठाच्या लाचखोरीस कंटाळलेला कारकून, किंवा गांवकीस भिणारा दलित तरुण ह्यांस टोपणनांवाचीच गरज आहे. लोकहितवादींच्या निनांवीपणानें समाजाचें नुकसान झालें नाहीं, ह्याचें कारण उघड आहे. लेखक पडद्याआड असला, तरी 'प्रभाकर'चे संपादक भाऊ महाजन पडद्यापुढें होते. तें पत्र निवडून छापण्याची जोखीम त्यांनीं आपल्या अंगावर घेतली होती. तेव्हां रोग लेखकाच्या निनांवीपणांत नाहीं. निवडणारा निनांवी असणें, हा रोग आहे.

आतां नव्या माध्यमाकडे वळूं. फेसबुक २००४ सालीं निघालें, ट्विटर २००६ सालीं. आरंभीं हीं माध्यमें गांवच्या पारासारखीं होतीं. ज्याच्याशीं ओळख, त्याचें बोलणें ऐकूं येई, आणि ज्या क्रमानें बोलणें होई, त्याच क्रमानें कानांवर पडे. पुढें दोन फरक झाले. २००९ सालीं पसंतीची आणि पुनःप्रसाराची बटणें आलीं, त्यामुळें दुसऱ्याचें वाक्य हजारों लोकांपुढें नेण्यास एका बोटाचे श्रम पुरेसे झाले. दुसरा फरक असा कीं, कोणापुढें काय मांडावें, हें कालक्रमानें न ठरतां कंपनीच्या गणिती यंत्रणेनें ठरूं लागलें. फेसबुकनें ही वाट आधीं धरली; ट्विटर व इन्स्टाग्राम ह्यांनीं २०१६ सालीं कालक्रम सोडला. ज्या क्षणीं कालक्रम सुटला, त्या क्षणीं पाराचें वर्तमानपत्र झालें. कारण शेंकडों मजकुरांतून कोणता अग्रस्थानीं घालावयाचा आणि कोणता तळाशीं लोटावयाचा, हें काम संपादकाचें आहे.

कंपन्या म्हणतात, ही निवड यंत्र करतें, मनुष्य करीत नाहीं. परंतु यंत्रास कोणता मजकूर मौल्यवान मानावयाचा हें मनुष्यानेंच सांगितलेलें असतें. २०२१ सालीं फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर आले, त्यांवरून असें उघड झालें कीं, २०१७ पासून त्या कंपनीच्या गणितांत साध्या पसंतीस जी किंमत होती, तिच्या पांचपट किंमत रागासारख्या भावचिन्हांस दिलेली होती. रागाच्या चिन्हाची ही किंमत पुढें कमी करीत २०२० सालीं शून्यावर आणली गेली. ज्या मजकुरानें वाचक संतापतो, तो पांचपट मोलाचा, असा हुकूम एखाद्या संपादकानें आपल्या उपसंपादकांस लेखी दिला असता, तर आपण त्यास काय म्हटलें असतें? आणि ह्या हुकुमाचें कारणहि गूढ नाहीं. वाचक जितका वेळ खिळून राहील, तितक्या जाहिराती विकतां येतात. जुन्या पत्रांतहि जाहिराती असत. पण वर्गणीदाराच्या मर्जीचा धाक तेथें होता. येथें वाचक वर्गणी देत नाहीं. त्याचें लक्ष हाच येथें विकावयाचा माल आहे.

सर्व दोष यंत्राच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. मॅसॅच्युसेट्स येथील तीन संशोधकांनीं ट्विटरवरील सुमारें १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास करून २०१८ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला. खरी बातमी १,५०० लोकांपर्यंत पोंचण्यास खोटीच्या सुमारें सहापट वेळ लागतो, आणि हा वेग मुख्यतः यांत्रिक खात्यांमुळें नव्हे तर जिवंत माणसांमुळें येतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तोतयाच्या निशाणाखालीं जमणारा मनुष्य अजून तोच आहे. मात्र पूर्वीं अफवेस घाट चढून जावें लागे. आतां घाटच राहिलेला नाहीं.

घाट नाहींसा झाला म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें १ जुलै २०१८ रोजीं पाहिलें. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा ह्या गांवीं बाजाराच्या दिवशीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी आले होते. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवरून त्या भागांत पसरलेले होते. जमावानें त्या पांचांस ठार मारलें. पिढ्यान् पिढ्या भिक्षेसाठीं गांवोगांव हिंडणारे ते लोक. अनोळखी मनुष्यास मूठभर पीठ घालणाऱ्या महाराष्ट्रांतच त्यांचा प्राण गेला. मारणारांपैकीं कांहींजणांस २०२४ सालीं न्यायालयानें जन्मठेपेची शिक्षा दिली. पण तो निरोप प्रथम लिहिणारा कोण, आणि तो पुढें ढकलणारीं बोटें किती, ह्याचा हिशेब कोणत्या न्यायालयांत व्हावा?

ह्या बाबतींत आमच्या कायद्यानें उलटीच गंगा वाहविली. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत जें ६६ अ हें कलम होतें, तें लिहिणारास धरी. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथील दोन तरुणींस मुंबईच्या बंदविषयींच्या एका मजकुरावरून अटक झाली. त्यांतील एकीनें तर तो मजकूर केवळ पसंत केला होता. सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं तें कलम घटनाबाह्य ठरविलें, हें फार चांगलें झालें. पण त्याच कायद्याचें ७९ वें कलम कंपन्यांस संरक्षण देतें, आणि त्या संरक्षणाच्या अटी सांगतांना, मध्यस्थानें निरोप घेणारा निवडूं नये व निरोपांतील मजकूरहि निवडूं नये, असें म्हणतें. हे शब्द पत्र पोंचविणाऱ्या टपालवाल्यास शोभतात. ज्याची यंत्रणा रोज कोट्यवधि लोकांपैकीं कोणापुढें काय ठेवावें हें ठरविते, त्यास ते कितपत लागू पडतात, ह्याचा निवाडा व्हावयास हवा. डोंगरीचा तुरुंग संपादकासाठीं होता. आपण वाचकास अटक केली आणि संपादकास टपालवाल्याचा गणवेश दिला.

तेव्हां सुधारणा कोणत्या दिशेनें व्हावी? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली, टपाल आणि वर्तमानपत्र ह्यांतील भेद कायद्यानें स्पष्ट मानावा. १८५४ सालीं अर्ध्या आण्यांत पाव तोळ्याचें पत्र देशांत कोठेंहि जाऊं लागलें. पण म्हणून सरकारनें सर्वांचींच पत्रें फोडून वाचावींत, असें कोणी म्हटलें नाहीं. खासगी निरोपाचा पडदा तसाच राहूं द्यावा. तेथें उपाय करावयाचा तो वेगावर. व्हॉट्सॲपनें जुलै २०१८ मध्यें भारतांत एका वेळीं पांचच ठिकाणीं निरोप पुढें पाठवितां येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्यें फार फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं जाईल असें केलें. ह्या दुसऱ्या बंधनानें असे निरोप सत्तर टक्क्यांनीं घटले, असें त्या कंपनीनेंच सांगितलें. कोणाचें तोंड न बांधतां, कोणाचें पत्र न फोडतां, केवळ एक लहानसा घाट पुन्हा बांधल्यानें एवढें साधलें.

दुसरी, जेथें कंपनी क्रम लावते, तेथें क्रमाची जबाबदारी तिनें घ्यावी. प्रत्येक मनुष्य जें लिहितो, त्या सर्वांबद्दल तिला धरणें अन्यायाचें होईल. मग ती भीतीनें सगळेंच पुसून टाकील. पण जें तिनें स्वतः उचलून अनोळखी लाखों लोकांपुढें ठेवलें, तें तिचें प्रकाशन समजावें. युरोपीय संघाचा जो डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णतः अंमलांत आला, त्यानें क्रम लावण्याचे मुख्य निकष उघड करणें बंधनकारक केलें आहे. मोठ्या माध्यमांनीं वाचकाची टेहळणी न करतां लावलेला एक तरी क्रम उपलब्ध ठेवावा, आणि मान्यताप्राप्त संशोधकांस माहिती द्यावी, असेंहि सांगितलें आहे. आमच्या विद्यापीठांसहि हा हक्क मिळाला पाहिजे. मराठींतील मजकुराचें काय होतें, हें कॅलिफोर्नियांत बसून कोणी तपासणार नाहीं.

तिसरी, ह्या सर्वांचा निवाडा उघड्या न्यायालयांत व्हावा, मंत्रालयाच्या बंद खोलींत नव्हे. जबाबदारीच्या नांवाखालीं सरकारच संपादक होऊन बसण्याचा धोका खरा आहे, आणि १८७८ चा अनुभव विसरण्याजोगा नाहीं. मेटकाफच्या कायद्याचा गुण हाच होता कीं, त्यानें सरकारच्या हातांतील लेखणी काढून घेतली आणि छापणाराच्या हातांत त्याचें नांव दिलें.

हें सर्व होईपर्यंत वाचकानें काय करावें? आमच्या घरांत पूर्वीं वर्तमानपत्र मोठ्यानें वाचलें जाई, त्यावर वाद होई, आणि "हें लिहिणारा कोण?" असा प्रश्न कोणीतरी वडीलधारें माणूस हटकून विचारी. आज प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यांत एकटाच वाचतो, आणि प्रत्येकापुढें निराळेंच पत्र छापून येतें. मुलगा काय वाचतो हें बापास ठाऊक नसतें, आणि बाप काय वाचतो हें मुलास. कायद्यास यावयाला वर्षें लागतील. परंतु निरोप पुढें धाडण्यापूर्वीं तो घरांत एकदां मोठ्यानें वाचावा, आणि त्याखालीं आपण आपली सही करूं काय, असें स्वतःस विचारावें, ह्याला कोणत्याहि विधिमंडळाची मंजुरी लागत नाहीं. ज्या मजकुराखालीं सही करण्यास हात धजत नाहीं, तो पुढें ढकलण्यास बोट तरी कां धजावें?